धुराडे कोरब्यास, दिवा पेडण्यास

गोव्यात कोळशावर चालणारे मोठे सार्वजनिक वीजकेंद्र नाही. सबब वीजकेंद्रांच्या कर्बवायूवर कायद्याचा निर्बंध असावा की नसावा, हा आपला प्रश्नच नव्हे, असे म्हणणारे सद्गृहस्थ आम्हांस पणजीत पुष्कळ भेटतात. त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, तिन्हीसांजेला पेडण्याच्या बाजारात दिवा लागतो तो कोणाच्या जिवावर? छत्तीसगडातील कोरबा येथल्या २६०० मेगावॅटच्या केंद्रातून गोव्याला विजेचा वाटा येतो. राख त्यांच्या अंगणात आणि उजेड आमच्या ओसरीवर, अशी ही वाटणी आहे.

गोव्याच्या विधानसभेचा कायदा त्या धुराड्यापर्यंत पोचत नाही, हे खरे. घटनेच्या २४५ व्या कलमाने राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता. ही मर्यादा आम्ही मान्य करतो. परंतु संसदेस ती लागू नाही. तेथे निराळीच सबब पुढे केली जाते: १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात या वायूचे नाव नाही! अहो, त्या कायद्याच्या व्याख्येत नाव आहे तरी कोणत्या वायूचे? माणसे, इतर सजीव, वनस्पती, मालमत्ता वा पर्यावरण यांस अपायकारक होईल इतक्या प्रमाणात हवेत असलेला कोणताही घन, द्रव वा वायुरूप पदार्थ, असा तिचा आशय आहे. १९८७ साली तर तीत आवाजही घालण्यात आला. ज्या व्याख्येत आवाज मावतो तीत वायू मावत नाही, हा युक्तिवाद न्यायासनापुढे करण्याचे धैर्य निदान आमच्या अंगी नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली तेथील कायद्याचा असाच व्यापक अर्थ लावला. २०२२ साली त्याच न्यायालयाने वीजकेंद्रांवरील नियमनाचा एक विशिष्ट मार्ग बंद केला. व्याख्या मात्र मोडली नाही. आपल्याकडे अडचण न्यायालयाची नाहीच. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेत धूलिकण, गंधक, नत्र व पारा यांच्या मर्यादा आल्या, कर्बवायूची आली नाही. आल्या त्यांचीही मुदत पुनःपुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. ऑक्टोबर २०२५ च्या उत्सर्जन-तीव्रतेच्या नियमांत सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली व कागद हे धंदे घेतले. वीजकेंद्रे बाहेरच राहिली. कागदाच्या गिरणीवर अंकुश आणि वीजकेंद्रास मोकळे रान, ही कसली नीती?

कर्बाचा हिशेब मागणे कायद्याला परके आहे म्हणावे, तर आमच्याच मोपाच्या पठाराचे उदाहरण आहे. विमानतळाच्या पर्यावरण-मंजुरीवरील स्थगिती जानेवारी २०२० मध्ये उठविताना सर्वोच्च न्यायालयाने शून्य-कर्ब कार्यक्रमाची हमी प्रकल्पावर बंधनकारक केली. पेडण्यातील विमानतळास जे सांगता येते ते कोरब्यातील भट्टीस सांगता येत नाही काय?

डिचोलीकरांस याचे आश्चर्य वाटू नये. खाणींची लाल धूळ त्यांच्या शेतांवर बसत होती तेव्हाही कायदे पुस्तकात होतेच. खाणी थांबल्या त्या २०१२ साली. तोवर कित्येक मळे लाल चिखलाखाली गेले.

केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण-संरक्षण कायद्याखाली प्रत्येक केंद्रास दर युनिटमागे कर्बवायूची मर्यादा घालून द्यावी. नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि गोव्याने हात जोडून बसू नये. २००३ च्या वीज कायद्याच्या ८६ व्या कलमाने नवीकरणीय विजेच्या खरेदीचा हिस्सा ठरविण्याचा अधिकार वीज नियामक आयोगास आहे. आयोग दर ठरविण्यापूर्वी लोकांच्या हरकती मागवितो. पुढच्या सुनावणीस आम्ही जाणार आहोत. पणजीच्या त्या सद्गृहस्थांनीही यावे.