पाहण्यासारखं काय आहे?

डोंगरकड्याला आलेला पाहुणा चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता हमखास विचारतो, "इकडं पाहण्यासारखं काय आहे हो?" त्याचं उत्तर त्यानं आधीच ठरवलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे आपलीच माणसं ते देऊन टाकतात, "हिंगोलीत काय ठेवलंय? कोकणात जा, महाबळेश्वरला जा." १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, पण 'मागास' ही पाटी गळ्यात तशीच राहिली. मागास भागात कुठलं आलंय सौंदर्य, असा सगळा हिशोब. मला तो मान्य नाही.

नांदेडहून अर्धापूर ओलांडून या. इसापूरच्या कालव्यानं भिजलेली काळी जमीन, केळीच्या बागा आणि मधूनमधून हळदीची रानं. भादव्यात हळदीची पानं कमरेला लागतात. माघ-फाल्गुनात पाला कापून कंद काढलेले असतात, शेताकडेला हळद शिजत असते आणि शिजलेली हळद उन्हात पसरलेली असते. तो उग्र वास गाडीच्या बंद काचेतून आत येत नाही. त्याच दिवसांत माळावर पळस फुललेला असतो. वारंगा फाट्याला एक वाट हदगावकडून नागपूरला जाते, दुसरी बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला. दुसरी धरा. सवड असेल तर इसापूर धरणावर जा, पैनगंगेपलीकडचा विदर्भ दिसेल. हिंगोलीपुढं कयाधूकाठी नरसी आहे. ज्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्या नामदेवांचं नरसी. औंढ्याचा नागनाथही याच जिल्ह्यात. एवढं सगळं 'काही नाही' या दोन शब्दांत कसं मावतं?

मात्र नुसतं 'निसर्गरम्य' म्हणून फोटो काढून जाणार असाल, तर त्यालाही माझी हरकत आहे. ते हिरवं रान आपोआप उगवलेलं नाही. त्या केळीच्या मुळाशी कुणाचं तरी कर्ज आहे. वैशाखात अर्धा तास वादळी वारं सुटलं की घडासकट बाग आडवी होते, आणि वर्षभराची कमाई जमिनीला टेकते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जगाला हळदीचं नाव कळलं. वाकून हळद वेचणाऱ्या बाईची पाठ मात्र रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसत नाही. जो देखावा पाहतो आणि माणूस पाहत नाही, त्यानं काय पाहिलं?

आता रस्त्याचं. चौपदरी झाला, चांगलं झालं. अडलेली बाळंतीण नांदेडला लवकर पोचते, केळीचा ट्रक खड्ड्यात आदळत नाही. हे नाकारील तो करंटा. पण रुंदीकरणात कडेचे कडुलिंब, चिंचा, वड गेले. त्या झाडांखाली गाडीवान बैल सोडायचे, एसटीची वाट पाहणारी माणसं टेकायची, आम्ही पोरं चिंचा पाडायचो. बदल्यात काय मिळालं, तर दोन रस्त्यांच्या मधल्या पट्टीत कण्हेर. कण्हेरीच्या सावलीला कोण बसणार? भर उन्हात डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन बाई रस्ता ओलांडायला उभी असते आणि गाड्या काही थांबत नाहीत.

यावर ठरलेला प्रश्न येतो, "तुम्हाला रस्ता पाहिजे का झाडं?" हा प्रश्नच लबाड आहे. घराला दार पाहिजे का छप्पर, असं कुणी विचारतं का? आम्हाला दोन्ही पाहिजे. रस्त्याच्या बाहेरच्या कडेला जागा सोडून वड, पिंपळ, कडुलिंब लावा आणि निदान तीन उन्हाळे पाणी घाला. रोप लावताना फोटो काढणारे पुष्कळ आहेत. चैत्रात टँकर आणणारा पाहिजे. आणि गावकऱ्यांनीही ते रोप शेळीच्या तोंडी देऊ नये, हेही सांगून टाकतो.

गाडी घेऊन येणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, गाव आलं की वेग कमी करा. काच खाली घ्या. केळी बांधावरूनच घ्या, आणि डझनामागं पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. हातात केळी देणाऱ्याला विचारा, यंदा पीक कसं आहे. तो जे सांगेल, ते इथं पाहण्यासारखं आहे.