घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

उन्हाळ्यात अंबडला बाजा अंगणात पडतात, तेव्हा कोण किती घोरतो ते साऱ्या गल्लीला कळते. ‘दमलाय बिचारा’ म्हणून आपण हसतो. पण घोरता घोरता श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबत असेल आणि माणूस गुदमरून दचकत असेल, तर तो ‘स्लीप ॲप्निया’ हा आजार असू शकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब चढतो. रोज रात्री असे अनेकदा घडले की शरीरात आतल्या आत दाह धुमसत राहतो. ज्यांच्या हृदयाचा स्नायू आधीच जाड किंवा कमजोर झाला आहे, त्यांच्यावर हा दुहेरी भार. ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

झोपलेल्याला हे कळत नाही, शेजारी जागणाऱ्याला कळते. म्हणून हृदयरोग्याचे घोरणे, सकाळची डोकेदुखी, दिवसाच्या डुलक्या घरच्यांनीच डॉक्टरांना सांगाव्यात. आयाबायाही घोरतात, लाजेने लपवू नये. झोपेची तपासणी करता येते. गरज पडल्यास मास्कमधून हवेचा दाब देणारे ‘सीपॅप’ यंत्र वाट उघडी ठेवते.

कुशीवर झोपावे, वाढलेले वजन उतरवावे. झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. हृदयाचे औषध थांबवू नये. दारूने घसा आणखी सैल पडतो. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधाचेच काम करते.

आज रात्री घरच्यांचा श्वास जरा कान देऊन ऐका. सर्वांचे मंगल होवो!