आकाश बघायला कलम ४ आडवे येते

कोल्हापूरला दोन गोष्टींचा अभिमान आहे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातील नोकऱ्यांच्या ५० टक्के रिकाम्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. आणि १९ जुलै १९३८ रोजी याच शहरात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मले. आम्ही या दोन्ही गोष्टी एकत्र वाचतो. नारळीकरांची बुद्धी आम्ही नाकारत नाही. पण त्यांचे वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक होते, हेही विसरत नाही. 'मेरिट' घरापासून सुरू होते.

नारळीकरांच्या अभ्यासाचा एक विषय क्वेसार. दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरात वायू ओढला जातो, तापतो आणि झळाळतो. पुष्कळ क्वेसार धुळीआड असतात. ती धूळ प्रकाश शोषून अवरक्त किरण सोडते. ते टिपणारी दुर्बीण लावली की क्वेसार सापडतो. म्हणजे दिसले नाही म्हणून ते नव्हतेच, असे विज्ञान म्हणत नाही. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारणाऱ्या निवड समित्या मात्र तेच म्हणतात.

क्वेसारांच्या मोठ्या अभ्यासक मार्गारेट बर्बिज. १९५५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेची दुर्बीण वापरायला त्यांना नवऱ्याची मदतनीस म्हणून जावे लागले, कारण तिथे बाईला वेळ मिळत नसे. आमच्या मुलींपुढे ही भिंत आहेच, शिवाय जातीचीही आहे.

ती जातीची भिंत कायद्यातही आहे. केंद्रीय संस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणाचा २०१९ चा कायदा कलम ४ द्वारे काही संस्थांना सूट देतो. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पुण्याजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण तिचीच. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीही आहे, जिची अवरक्त वेधशाळा अबूच्या गुरुशिखरावर आहे. पैसा जनतेचा, आकाश सर्वांचे, मग प्राध्यापकाच्या खुर्चीला प्रतिनिधित्वाचे वावडे का? 'उत्कृष्टता' हे त्याचे उत्तर असेल, तर आमची माणसे आली की उत्कृष्टता जाते, असेच सरकार म्हणत आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: कलम ४ मधील ही सूट रद्द करा, आणि संशोधक विद्यार्थ्यांची फेलोशिप दर महिन्याला वेळेवर द्या.

कार्यकर्त्यांनो, आपलेही काम आहे. स्पर्धा परीक्षांच्या तक्त्याशेजारी जाम आणि जेस्ट या परीक्षांची माहितीही विहारात लावा. बीएस्सी फिजिक्स करणाऱ्या मुलीला 'बीएड कर, बरं पडेल' म्हणण्याआधी तिला काय व्हायचे आहे ते विचारा. शाहूंनी विधवा सून इंदुमतींना शिकवले, तेव्हा घरातल्यांचा विरोध पत्करला होता. आपण निदान फॉर्म तरी भरून देऊ.

जय भीम!