द्राक्षमळ्याची शोभा आणि श्रमाचा हिशेब

ऐतिहासिक वास्तू व उद्याने यांकडे पाहण्याची आपली दृष्टी सामान्यतः सौंदर्याची असते, अर्थशास्त्राची नसते. प्रवाशाने शोभा पाहावी, इतिहासाच्या चार गोष्टी ऐकाव्यात आणि समाधानाने परतावे, अशीच तेथील योजना असते. परंतु जी शोभा आपण पाहतो ती कोणाच्या श्रमातून निर्माण झाली आणि तिचे उत्पन्न आज कोणाच्या पदरात पडते, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही वारशाचे मूल्यमापन पुरे होत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनजवळचा ग्रूट कॉन्स्टान्शिया हा द्राक्षमळा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ओकवृक्षांची रांग, चुन्याने पांढरी केलेली डच धाटणीची हवेली, पाठीशी डोंगर आणि उतारावर पसरलेले वेल हे दृश्य कोणालाही मोह पाडील असेच आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६८५ साली ही जमीन केपचा अधिकारी सायमन व्हान डेर स्टेल याला दिली. देणारा होता कंपनीचा आयुक्त हेंड्रिक व्हान रेडे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा हाच गृहस्थ. त्या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या कोकणी पंडितांनी आपली विद्या दिली. व्हान रेडे १६९१ साली सुरतेच्या वाटेवर समुद्रात मरण पावला. त्याचे भव्य थडगे आजही सुरतेत उभे आहे.

आपला संबंध एवढ्यावर संपत नाही. कंपनीने केपमध्ये राबविलेले गुलाम मादागास्कर व इंडोनेशियाप्रमाणेच बंगाल, मलबार आणि कोरोमांडल येथूनही नेलेले होते. त्यांची मूळ नावे पुसली गेली. ‘बंगालची अमुक’, ‘मलबारचा तमुक’ एवढीच नोंद कागदोपत्री उरली. खुद्द व्हान डेर स्टेलची आजी ही गोव्याकडील, गुलामीतून मुक्त झालेली मोनिका नावाची स्त्री असल्याचे सांगितले जाते. गुलाम स्त्रीचा नातू गुलामांचा धनी झाला! यात व्यक्तीच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचे सामर्थ्य अधिक दिसते. मालमत्तेचे संबंध जसे असतात तशी माणसाची बाजू ठरते. रक्ताचे नाते तेथे लुळे पडते.

पुढे १७७८ साली क्लोएट घराण्याने हा मळा घेतला आणि येथील गोड मद्य युरोपच्या राजवाड्यांत पोहोचले. सेंट हेलेना बेटावर बंदिवासात असलेल्या नेपोलियनलाही ते पुरविले जात असे. ही कथा प्रवाशाला आवर्जून सांगितली जाते. गुलामगिरीचा उल्लेख हल्ली संग्रहालयात आढळतो, हे मान्य केले पाहिजे. पण बाटलीची किंमत वाढते ती नेपोलियनच्या नावामुळे, वेल खुडणाऱ्या हातांमुळे नव्हे.

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी रद्द झाली. केपमधील सुमारे ३८ हजार गुलामांना त्यानंतरही ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्याच धन्यांकडे राबावे लागले. साम्राज्यभरच्या मालकांसाठी दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली आणि तिच्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची बाकी २०१५ साली फिटली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे करदात्यांनी मालकांची भरपाई केली. मुक्त झालेल्यांना मात्र जमीन नाही, अवजार नाही, एक पैही नाही. असा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मळ्याच्या दारात उभा राहिला, यात नवल ते काय?

त्या दारात त्याला मजुरीचा काही भाग स्वस्त मद्याच्या रूपाने मिळे. ‘डॉप’ नावाच्या या पद्धतीचे अर्थशास्त्र सरळ आहे: ज्या मालाला बाजारात भाव नाही तो मजुरीत खपवायचा आणि व्यसनाच्या बेडीने मजूर बांधून ठेवायचा. विसाव्या शतकात कायद्याने ती बंद झाली, तरी प्रत्यक्षात रेंगाळत राहिली. मातेच्या मद्यसेवनामुळे बालकांत जन्मतः येणाऱ्या व्यंगांचे प्रमाण जगात सर्वाधिक जेथे नोंदले गेले, त्यांत पश्चिम केपचा हा द्राक्षपट्टा मोडतो. २०१२ साली डी डोर्न्स येथील द्राक्षमजूर संपावर गेले तेव्हा किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती. मागणी १५० ची होती. मार्च २०१३ पासून १०५ मिळाले. वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली, पण मजुरी आणि जमीन यांचे नाते फारसे बदलले नाही, हाच याचा अर्थ.

अशी स्थळे पाहूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. पर्यटनाने रोजगार वाढतो हा युक्तिवादही खोटा नाही. परंतु इतिहासाच्या नावलौकिकावर जे जादा उत्पन्न मिळते, ते रिकार्डोच्या भाषेत खंडच आहे. ते आजच्या मालकाच्या कर्तृत्वातून आलेले नसते. म्हणून त्यावर राबणाऱ्यांच्या वारसांचा हक्क पोहोचतो.

हा विचार आपल्या दाराशीही आलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखून वाइननिर्मितीला सवलती दिल्या आणि नाशिक परिसरात मद्यचाखणीचे पर्यटन बहरले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर रण माजले. शेतकऱ्याच्या हिताचा दाखला एका बाजूने दिला गेला, संस्कृतीचा दुसऱ्या. मात्र पेठ-सुरगाण्याकडून खरड छाटणीला आणि गोडी छाटणीला टोळीने येणाऱ्या, एकरी उक्ते काम घेणाऱ्या आदिवासी मजुरांचा प्रश्न त्या गदारोळात कोठेच नव्हता.

सार्वजनिक तिजोरीतून सवलत घेणाऱ्या प्रत्येक मळ्यावर आणि कारखान्यावर किमान वेतन, हजेरीपट, निवारा व भविष्यनिर्वाह निधी यांची अट घातली पाहिजे आणि ती पाळली न गेल्यास सवलत परत घेतली पाहिजे. आपले मळे उद्या ‘ऐतिहासिक’ ठरतील तेव्हा पुढच्या पिढीला संग्रहालयात पश्चात्तापाचे फलक लावावे लागू नयेत, एवढी तजवीज आजच करणे आपल्या हाती आहे.