खटला कोणाचा, माघार कोणाची?

मुंबईच्या आझाद मैदानावरील मराठा आरक्षणाचे उपोषण 2 सप्टेंबर 2025 रोजी संपले, तेव्हा शासनाने मान्य केलेल्या मागण्यांत आंदोलकांवरील गुन्हे मागे घेण्याची मागणीही होती. बीड जिल्ह्यात या आश्वासनाला विशेष वजन आहे. 30 ऑक्टोबर 2023 रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटविण्यात आले. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घराचीही तीच गत झाली आणि संचारबंदी पुकारावी लागली. अशा प्रसंगी दाखल होणाऱ्या गुन्ह्यांत पेट्रोल ओतणारा आणि गर्दीत नुसता उभा राहिलेला विद्यार्थी एकाच यादीत येतात. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत मात्र त्या यादीची किंमत विद्यार्थ्यालाच अधिक मोजावी लागते.

तेव्हा मागणी सर्वस्वी गैर आहे असे नव्हे. प्रश्न आहे तो माघार कोणी घ्यावयाची, हा. शासन खटला मागे घेते, ही समजूत कायद्याला धरून नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 321 व्या कलमाने हा अधिकार सरकारी वकिलाला दिला आहे, आणि तोही न्यायालयाच्या संमतीने. जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरील बडोदा डायनामाइट खटला 1977 मध्ये जनता राजवटीत मागे घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ती माघार उचलून धरली. सामाजिक शांततेसाठी राजकीय स्वरूपाचे खटले मागे घेता येतात, शासन तसे सुचवूही शकते, परंतु सरकारी वकिलावर सक्ती करू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. उलट, केरळ विधानसभेत 2015 मध्ये मोडतोड करणाऱ्या आमदारांवरील खटला मागे घेण्यास त्याच न्यायालयाने 2021 मध्ये साफ नकार दिला. तत्त्व असे स्वच्छ आहे. व्यवहारात मात्र निर्णय वाटाघाटींच्या बैठकीत होतो आणि वकिलाच्या हाती उरते ते अर्जावर सही करणे.

या वाटाघाटींत ज्याचे घर जळाले, ज्याचे दुकान फुटले, तो कोठेच नसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 360 व्या कलमाने ही उणीव ओळखली. पीडिताचे म्हणणे ऐकल्यावाचून माघारीस परवानगी देता येणार नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्या दिवशी तपास वा खटला प्रलंबित असलेल्या प्रकरणांना 1973 ची संहिताच लागू राहते. म्हणजे बीडमधील 2023 च्या अशा प्रलंबित प्रकरणांत पीडिताला हा हक्क कायद्याने मिळत नाही. न्यायालयाने त्याला ऐकण्यास मनाई मात्र कोठेच नाही, आणि सरकारी वकिलाने आपण होऊन त्याला बोलावण्यासही नाही.

आणखी एक वाट आहे, जिच्याकडे कोणी वळत नाही. 2006 पासून आपल्याकडे ‘प्ली बार्गेनिंग’, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत तडजोड करण्याची तरतूद आहे. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे तिच्या कक्षेत येत नाहीत. घर पेटविणाऱ्याला तेथे दार बंदच आहे. दंगलीचे व किरकोळ नुकसानीचे कलम लागलेल्या तरुणाला मात्र ते उघडे आहे. तेथे पीडिताला रीतसर नोटीस जाते, भरपाई ठरते, कबुली स्वखुशीची आहे की नाही हे न्यायाधीश आरोपीला एकट्याला विचारतात, आणि परिवीक्षेवर सुटकाही होऊ शकते.

या तरतुदीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अमेरिकेत बहुसंख्य खटले असेच निकालात निघतात. केंटकीतील एका आरोपीने 88 डॉलरच्या बनावट चेकसाठी पाच वर्षांची तडजोड नाकारली, तेव्हा सरकारी वकिलाने आरोप वाढवून त्याला जन्मठेपेपर्यंत पोचविले, आणि 1978 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला त्यात घटनाबाह्य काही दिसले नाही. बीडचा ऊसतोड मजूर सहा-सहा महिने कारखान्यांच्या मुलुखात असतो. तारीख चुकली की वॉरंट निघते. अशा माणसाची कबुली खरोखर स्वखुशीची असते काय? त्याच्या पाठीशी मोर्चा नाही, म्हणून त्याचा खटला मागे घ्या, असे कोणत्याही बैठकीत कोणी म्हणत नाही.

बीडच्या प्रकरणांत निदान एवढे व्हावयास हवे: माघारीचा अर्ज जमावागणिक नव्हे, तर आरोपीगणिक स्वतंत्र असावा, त्यात सरकारी वकिलाने स्वतःची कारणे नमूद करावीत, नुकसानीचा आकडा आणि तो कोण भरून देणार, हे त्यात लिहिलेले असावे, आणि सुनावणीच्या दिवशी ज्याचे घर जळाले त्यालाही न्यायालयात बोलावलेले असावे.