रंगावाचून रंगत

मनुष्याला रंगांची ओढ उपजतच असते. जत्रेत गेलेले मूल प्रथम रंगीत भिरभिऱ्याकडेच धाव घेते. त्यामुळे एखादा जुना कृष्णधवल चित्रपट सुरू होताच आजची मुले तोंड फिरवतात, यात नवल नाही. ज्यात रंग नाही त्यात रस कोठून असणार, असे त्यांना वाटते. परंतु रंगांचा अभाव म्हणजे सौंदर्याचा अभाव नव्हे. १९३० ते १९५० या काळात अमेरिकेतील हॉलिवूड येथे निर्माण झालेले उत्तम चित्रपट याची साक्ष देतात.

त्या काळी मोठमोठ्या चित्रसंस्थांच्या आवारात नट, लेखक, सुतार, शिंपी, दिवे लावणारे असे शेकडो लोक पगारावर काम करीत. रंगीत चित्रणाची सोय होती. परंतु ती फार खर्चाची असल्यामुळे बहुतेक चित्रपट कृष्णधवलच निघत. या उणिवेतूनच एक कला फुलली. छायाचित्रकारांनी प्रकाशालाच कुंचला केले आणि काळोखालाही अर्थ दिला.

ऑर्सन वेल्स याने वयाच्या पंचविसाव्या वर्षी दिग्दर्शित केलेल्या 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटातील एक प्रसंग पाहावा. घरात आई एका कागदावर सही करीत आहे. त्या सहीने तिचा मुलगा परक्याच्या हाती जाणार आहे. मागे खिडकीतून तोच मुलगा बर्फात खेळताना दिसतो. छायाचित्रकार ग्रेग टोलंड याने जवळची आई आणि दूरचा मुलगा दोघांनाही सारखेच स्पष्ट टिपले आहे. आपले भाग्य पालटत आहे, हे त्या खेळणाऱ्या जिवाला ठाऊक नाही. प्रेक्षकाला मात्र ते दिसते. येथे रंगाची उणीव कोणास भासेल?

'कासाब्लांका' (१९४२) या चित्रपटात एका उपाहारगृहात जर्मन अधिकारी आपले गीत गाऊ लागतात, तेव्हा इतर लोक उठून फ्रान्सचे राष्ट्रगीत गातात. त्या प्रसंगातील अनेक कलावंत नात्झींच्या भयाने युरोप सोडून आलेले खरेखुरे निर्वासित होते. त्यांच्या डोळ्यांत चमकणारे अश्रू केवळ अभिनयाचे नव्हते.

१९८० नंतरच्या दशकात संगणकाच्या साहाय्याने अशा चित्रपटांना रंग देण्याचा उद्योग सुरू झाला. रंगामुळे नवे प्रेक्षक मिळतील आणि ज्याने हक्क विकत घेतले त्याची ती मालमत्ताच आहे, असे त्याचे समर्थक म्हणत. पहिल्या म्हणण्यात काही तथ्य आहे. परंतु मालकी आणि कर्तृत्व या दोन भिन्न गोष्टी होत. शिल्प विकत घेणाऱ्याला त्याचे नाक बदलण्याचा अधिकार मिळत नाही. जॉन ह्यूस्टन याच्या 'द अस्फाल्ट जंगल' (१९५०) या चित्रपटाला रंग देण्यात आला, तेव्हा त्याचे वारस फ्रान्सच्या न्यायालयात गेले. कलाकृतीच्या अखंडतेवर तिच्या कर्त्याचा नैतिक हक्क असतो, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये उचलून धरले. हा निर्णय सर्वथा योग्यच म्हटला पाहिजे.

जुने ते सारेच सोने असते असे नाही. त्या काळच्या कित्येक चित्रपटांत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला केवळ नोकरचाकरांच्या भूमिका येत. हा दोष डोळसपणे ओळखलाच पाहिजे. पण दोष पाहणाऱ्या दृष्टीने गुणांकडेही पाहावे. असा एखादा चित्रपट पाहण्याची संधी मिळाली, तर पहिली दहा मिनिटे धीर धरावा. सावली कोठे पडते, चेहऱ्यावर उजेड कोठून येतो, याकडे लक्ष द्यावे. मग रंग नाहीत याचा हळूहळू विसर पडतो आणि माणसे दिसू लागतात. रसिकतेची पहिली पायरी हीच होय.