मैत्रीचा बळी

हल्लीं तरुण वाचकांसाठीं लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकथांत एक सांचा फार लोकप्रिय झाला आहे. एक मुलगा व एक मुलगी, बालपणापासूनचे जिवलग सोबती. मध्यें एखादा गैरसमज, कांहीं काळ दुरावा. आणि शेवटीं दोघांनाही साक्षात्कार, कीं ही मैत्री नव्हतीच, हें प्रेम होतें! अशा कथांनीं पोरें बिघडतात, अशी ओरड सनातनी मंडळी करितात. आमची तक्रार नेमकी उलट आहे. या कथा बंडखोर दिसतात, पण साक्ष देतात ती पारावरच्या कुजबुजीच्या बाजूनें.

सोलापुराहून विजयपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें मंद्रूप घ्या. येथें मराठीबरोबर कानडीही कानीं पडते. मराठींत मैत्रीण, कानडींत गेळती. शब्दांची वाण नाहीं. परंतु एखाद्या मुलानें एखाद्या मुलीविषयीं तो शब्द उच्चारला, कीं ऐकणाऱ्याच्या ओठांवर हंसूं उमटलेंच! अशा कोणत्याही गांवांत दहावींतील मुलगी वर्गांतल्या मुलाशीं वही मागण्यापुरती चार वेळां बोलली, तर पांचव्या वेळेआधीं वार्ता घरीं पोहोंचते. मुलाला दोन शब्द सुनावून सोडतात. मुलीची शाळाच बंद होण्याची वेळ येते. ‘आमच्यांत तसें कांहीं नाहीं,’ हें तिचें म्हणणें कोणी ऐकून घेत नाहीं. आणि आमचे कथाकार काय सांगतात? ‘तसें’ होतेंच, तिला तें ठाऊक नव्हतें, इतकेंच!

हें वय तरी आम्हांस सहज मिळालें काय? हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरींतील यमूला बालपणींच संसारांत ढकललें गेलें; मित्र जोडण्यास तिला अवकाशच नव्हता. १८९१ सालीं संमतिवय १० चें १२ झालें, तेवढ्यावरूनही केवढें रण माजलें! १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहास १४ वर्षांची मर्यादा घातली. १९७८ मध्यें ती १८ झाली. बालपण आणि संसार यांच्यामध्यें अशा झगड्यानें जीं मोकळीं वर्षें मिळालीं, तीं आमच्या लेखकांनीं केवळ प्रणयाची पूर्वतयारी म्हणून खर्चीं घालावीं, हा करंटेपणा होय.

याच जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांत चित्रित झालेल्या ‘सैराट’नें (२०१६) प्रेमाची किंमत रक्तानें मोजून दाखविली, त्याशीं आमचें भांडण नाहीं. ‘ती सध्या काय करते’ (२०१७) या चित्रपटांत शाळेपासूनचीं सोबती दुरावतात व पुष्कळ वर्षांनीं भेटतात. हरवलेली मैत्री ही देखील हानीच, हें तेथें निदान जाणवतें. सांच्यांतून निघालेल्या कथांना तेवढीही जाणीव नसते.

मित्र प्रेमांत पडत नाहींत काय? अवश्य पडतात, आणि त्यांचे संसार सुखाचेही होतात. आमचा आक्षेप मैत्रीला कच्चें प्रेम समजण्यावर आहे. कृष्ण आणि द्रौपदी यांच्या सख्याला पूर्णत्व येण्यासाठीं प्रणयाची गरज भारतकारांस भासली नाहीं. तेव्हां जें सुचलें, तें आज असाध्य कां वाटावें?

मंद्रूपच्या बाजूस, हत्तरसंग-कुडल येथें सीना भीमेस मिळते. पुढें पाणी दोघींचें, नांव मात्र एकट्या भीमेचें. नद्यांना तें शोभतें. परंतु प्रत्येक मैत्रीची सीना झालीच पाहिजे, असा नियम कोणी केला? लेखकांनो, एक तरी कथा अशी लिहा, कीं जिच्या शेवटच्या पानावरही तीं दोघें मित्रच असतील. मंद्रूपच्या एखाद्या मुलीला ती आपल्या वडिलांपुढें निःशंकपणें ठेवतां येईल, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेंत जातां येईल.